परातीवरून वळलेली लहर

साताऱ्याच्या बाहेर, घाटाचा रस्ता चढायला लागतो तिथं, सारथी सहनिवास नावाची एक अगडबंब इमारत आहे. एसटीतून निवृत्त झालेल्या ड्रायव्हर, कंडक्टर आणि मेकॅनिक मंडळींनी ती बांधून घेतली. तेव्हा कमिटीवर जी माणसं होती, ती कोयनेच्या भूकंपाच्या गोष्टी ऐकत लहानाची मोठी झालेली. त्यांनी बिल्डरला बजावलं होतं, "बाकी कशात पण हात आखड, लोखंडात आखडू नको." बिल्डरही बापडा घाबरट निघाला. एक सळई लागायची तिथं त्यानं दोन घातल्या. इमारत अशी ठणठणीत झाली की भूकंप आलाच तर तोच पाया पडून परत जाईल. फक्त आत बसल्यावर फोन लागेना.

लोखंडाच्या पिंजऱ्यात रेडिओलहर धड शिरत नाही, हे कमिटीला कुणी सांगितलं नव्हतं. अ आणि ब विंगला रस्त्याच्या बाजूनं थोडीफार रेंज यायची. क विंगला पॅसेजमध्ये उभं राहिलं तर यायची. ड विंगच्या चौथ्या मजल्यावरच्या कोपऱ्यातल्या घरात मात्र ठणठण गोपाळ. त्या कोपऱ्याला सगळे 'शेवटचा थांबा' म्हणत. तिथं शालन ननावरे एकट्या राहायच्या.

मधला चौक ओलांडला की समोर क विंग, आणि तिथं चौथ्याच मजल्यावर हणमंत फडतरे. दोघांच्या स्वयंपाकघरांच्या खिडक्या समोरासमोर. हणमंतराव ड्रायव्हर, शालनबाई कंडक्टर. सातारा-बामणोली गाडीवर दोघांनी बरीच वर्षं एकत्र काढली होती. त्या काळात हणमंतरावांची बायको गोदा दोघांचे डबे एकाच पिशवीतून द्यायची. शालनच्या डब्यात ठेचा कमी, नवऱ्याच्यात जास्त. ड्युटीवर हणमंतराव तिला 'मास्तर' म्हणायचे आणि ती त्यांना 'डायवर'. पुढं शालनचा नवरा गेला, मग गोदाही गेली, आणि दोघं जपून वागायला लागले. मास्तरच्या 'शालनबाई' झाल्या आणि डायवरचे 'फडतरे'. इमारत कितीही मोठी असली तरी लोकांची तोंडं तिच्याहून मोठी असतात.

त्या वर्षी सरकारची 'सोबत' योजना आली. पंचाहत्तरी ओलांडून एकटं राहणाऱ्या माणसाच्या घरात भिंतीवर एक छोटी डबी लावायची. ती डबी खोलीभर रेडिओलहरी सोडते. माणूस श्वास घेतो तेव्हा छाती जराशी हलते, तेवढ्यानंही लहरींमध्ये फरक पडतो आणि डबीला तो कळतो. माणूस पडला, श्वास अडखळला, की तालुक्याच्या दवाखान्यात घंटा वाजते आणि नर्स निघते. अंगावर काही बांधायचं नाही, कॅमेरा नाही, काही नाही. अट एकच होती, डबीचा दवाखान्याशी संपर्क तुटता कामा नये. तुटला की हिरवा दिवा लाल होतो.

शालनबाईंचा मुलगा स्वप्नील चाकणला होता. मुलगा गुणी. आईनं आपल्याकडं यावं म्हणून तो तीन वर्षं मागं लागला होता. शेवटी मायलेकांत ठरलं होतं की हिरवा दिवा लागला तर शालनबाई इथंच राहतील, नाही लागला तर दसऱ्याला बाडबिस्तरा घेऊन चाकणला जातील. शालनबाईंनी शब्द दिला होता, आणि त्यांचा शब्द म्हणजे शब्द. सख्ख्या भावाला त्यांनी कधी विनातिकीट गाडीत बसू दिलं नव्हतं.

ही बातमी ऐकून हणमंतराव म्हणाले, "बरंच झालं की. पोरगं चांगलं हाय." मग घरी येऊन त्यांनी चहा केला, गाळायचा विसरले आणि चोथ्यासकट पिऊन टाकला. शालनबाई गेल्या तर आपलं फार वाईट होणार, हे त्यांना स्वच्छ कळत होतं. हे सांगायचं कुणाला, ते मात्र कळत नव्हतं.

*

डब्यांच्या लहरी इमारतीतून बाहेर दवाखान्यापर्यंत पोचवणारं जाळं बसवायला वैजयंता नलवडे नावाची इंजिनियर आली. बोलायला मोकळी, चहाला कधी नाही न म्हणणारी. महिन्याभरात सगळी इमारत तिला वैजू म्हणायला लागली.

"तारा ओढून टाक की सरळ," हणमंतरावांनी पहिल्याच दिवशी सल्ला दिला.

"मागच्या खेपेला ओढल्या होत्या ना, काका? उंदरांनी फस्त केल्या. आता सरकार तारेला पैसेच देत नाही." वैजूनं पिशवीतून पुस्तकाएवढा एक पातळ पत्रा काढला. त्यावर तांब्याच्या हजारो बारीक कड्या छापलेल्या होत्या. "हा वळणपत्रा. लहर भिंतीवर आदळली की कुठंही सैरावैरा जाते. ह्याच्यावर आदळली की आपण सांगू तिकडं वळते. कड्यांना जरासा करंट दिला की वळणाचा कोन बदलतो. पत्रा जागचा हलत नाही, तरी लहर वळते."

हणमंतरावांनी पत्रा उलटसुलट करून पाहिला. "म्हणजे घाटातला आरसा. आंधळ्या वळणावर लावतात तसा. पलीकडची गाडी अलीकडं दिसती."

"अगदी तोच! फक्त हा आरसा स्वतः शिकतो. मी पॅसेजमध्ये पत्रे लावीन, पण कुठल्या पत्र्यावरून कुठं उडी मारायची हे मी नाही सांगत. जाळंच वाटा शोधून बघतं. ह्या वाटेनं गेलं तर किती पोचतं, त्या वाटेनं किती. चांगली सापडली की धरून ठेवतं. रात्रंदिवस चाललेलं असतं त्याचं."

"आन् शेवटच्या थांब्यापत्तूर पोचंल?"

वैजूनं त्यांच्याकडं पाहिलं. त्यांनी प्रश्न फार सहज विचारल्यासारखा केला होता, पण कपातला चहा बशीत सांडला होता. "पोचवू, काका," ती म्हणाली.

आणि खरंच पोचलं. तेही अनपेक्षितपणे. ड विंगसाठी वैजूनं दोन पत्रे राखून ठेवले होते, ते लावायच्या आधीच एका सकाळी शालनबाईंच्या भिंतीवरचा दिवा हिरवा झाला. वैजूला नवल वाटलं, पण जाळं आपली वाट आपण शोधतं हे तीच सगळ्यांना सांगत होती. तिनं ते दोन पत्रे ब विंगच्या तळघरात वापरून टाकले. शालनबाईंनी त्या दिवशी शेजाऱ्यांना शिरा वाटला. हणमंतरावांनी दोनदा घेतला.

*

आठवड्यानं वैजूच्या लक्षात आलं की दिवा रोज सकाळी अचानक लाल होतो. काही वेळानं आपोआप हिरवा. दुसऱ्या दिवशी पुन्हा तसंच. वैजूनं क विंगचे सगळे पत्रे तपासले, ड विंगचा पॅसेज पालथा घातला, आणि हातातलं लहर मोजायचं यंत्र घेऊन शेवटी हणमंतरावांच्या स्वयंपाकघरात टेकली. "चहा टाका, काका. डोकं चालत नाही."

स्वयंपाकघरात गोदाची मांडणी होती, तिच्या हातची जशीच्या तशी. सर्वांत वरच्या फळीवर खिडकीच्या समोर तिची पितळेची परात मागं लाकडी ठोकळा लावून भिंतीला टेकून उभी असे. लग्नात आलेली, दोन हातांत न मावणारी, काठावर 'सौ. गोदावरी हणमंत फडतरे' असं नाव घातलेली. हणमंतराव ती रोज सकाळी चिंच लावून घासायचे. त्या दिवशी घासायची राहिली होती म्हणून त्यांनी चहाचं आधण ठेवलं आणि परात खाली घेतली.

वैजूच्या हातातल्या यंत्रावरचा आकडा धाडकन पडला.

"काका, ती परात... ती परत ठेवा बरं."

ठेवली. आकडा वर आला.

"काढा."

काढली. पडला.

वैजू उठून खिडकीत गेली, मग दारात गेली, मग पुन्हा खिडकीत. आणि तिला हसू फुटलं. पॅसेजमधल्या पत्र्यावरून लहर हणमंतरावांच्या दारातून आत येत होती, परातीवर आपटत होती, खिडकीतून बाहेर पडून चौक ओलांडत होती आणि थेट शालनबाईंच्या खिडकीत शिरत होती. कुणीही न सांगता जाळ्यानं वाट काढली होती, आणि त्या वाटेवरचा आरसा होता गोदाची परात. पितळेवरून लहर आरशासारखीच उलटते. एवढी मोठी, सपाट, रोज त्याच जागी त्याच कोनात ठेवलेली वस्तू त्याला उभ्या इमारतीत दुसरी सापडली नव्हती.

हणमंतराव स्टुलावर बसले. "म्हंजे गोदानंच..." ते म्हणाले.

"आता घोटाळा असा आहे," वैजू म्हणाली, "माझ्याकडं पत्रा उरलेला नाही. नवा येईल दिवाळीनंतर. तपासणीचा आठवडा उद्यापासून. त्यात लाल दिवा पाव तासाच्या वर टिकला तर नापास. परातीला हातसुद्धा लावू नका."

"घासायची?"

"जागेवरच पुसा. आणि घासल्यानं लहरीला काही फरक पडत नाही, काका. काळी पडली तरी तेवढंच काम करेल."

"असू दे," हणमंतराव म्हणाले. "घासलेली बरी."

शालनबाईंना यातलं काही सांगायचं नाही, असं दोघांनी ठरवलं. तसं ठरवण्याला कारण होतं. दुसऱ्याच्या परातीच्या जिवावर मी राहतेय असं कळलं असतं, तर त्या बाईनं त्याच संध्याकाळी पेटी भरली असती.

*

आठवडा सुरळीत गेला आणि शेवटच्या दिवशी घात झाला. दोन दिवसांवर घटस्थापना होती. नवरात्राच्या आधी घरातलं भांडं न् भांडं निघतं, वाकळा धुतल्या जातात, फळ्यांवरचे कागद बदलतात. सारथी सहनिवासात हा सोहळा गच्चीवर एकत्र चालायचा. हणमंतरावांची मुलगी मंगल दर वर्षी कोरेगावहून त्यासाठी यायची. या वर्षी ती कळवल्यापेक्षा एक दिवस आधी आली. हणमंतराव दाढीला गेले होते. तिनं शेजारून किल्ली घेतली, पदर खोचला, आणि सगळ्यांत पहिल्यांदा आईची परात काढली. मानाची म्हणून.

हणमंतराव परतले तेव्हा मांडणी रिकामी होती. खिडकीतून समोर पाहिलं तर शालनबाईंच्या घरात माणसं दिसत होती. स्वप्नील होता, वैजू होती, आणि तपासणीला आलेले गृहस्थ होते, ज्यांना सगळी इमारत जुन्या सवयीनं 'चेकर' म्हणत होती. त्यांच्या डोक्यांमागं भिंतीवर लाल ठिपका होता.

लिफ्टमध्ये वाकळांचा ढीग. हणमंतराव जिना चढायला लागले. गुडघे बोलत होते, त्यांच्याकडं त्यांनी लक्ष दिलं नाही. गच्चीवर पोचले तर साऱ्या इमारतीची पितळी भांडी उन्हात मांडलेली. पराती, घागरी, डबे, समया, डोळे दिपून जावेत इतकं काही.

"मंगल! आईची परात कुठाय?"

"हितंच कुठंतरी असंल. का वो, दादा? काय झालं?"

सांगायला वेळ नव्हता. ते वाकून एकेका परातीचा काठ वाचत सुटले. 'सौ. इंदू शंकर मोहिते.' 'चि. सौ. कां. रत्नमाला हिस मामांकडून.' 'कै. बाबूराव यांच्या स्मरणार्थ.' आणि मग बादलीच्या मागं गोदाचं नाव. त्यांनी परात छातीशी धरली आणि भरलेली गाडी उतारावर घ्यावी तसे जपून, पण कुठंही न थांबता, खाली उतरले.

फळीवर परात ठेवली. समोर पाहिलं. ठिपका लालच.

मंगलनं फळीचा कागद बदलला होता, परातीमागचा लाकडी ठोकळाही धुवायला नेला होता. त्याच्याशिवाय कोन चुकत होता. थोडा इकडचा, थोडा तिकडचा, किती ते हणमंतरावांना समजेना. ते परात नुसती इकडंतिकडं सरकवत राहिले. पाव तास संपत आला असणार. दसऱ्याला चाकणची गाडी निघणार, असं त्यांच्या मनात आलं आणि डोळ्यांपुढं परात धूसर झाली.

तेवढ्यात चौकातून आवाज आला. खणखणीत, घाटातल्या वाऱ्यावर पाठीमागच्या सीटपर्यंत पोचायचा तसा.

"डायवर!"

शालनबाई खिडकीत उभ्या होत्या. एक हात गजाला, मान अर्धी मागं, दिव्याकडं.

"डायवर, वरची कड मागं घ्या! येऊ द्या... येऊ द्या... अजून येऊ द्या... बास! आता उजवीकडं. माझ्या न्हाई, तुमच्या उजवीकडं! हां. येऊ द्या, हळू..."

हणमंतरावांचे हात आपोआप स्थिर झाले. बामणोलीच्या वळणावर, दरी मागं असताना, याच आवाजावर त्यांनी शेकडो वेळा गाडी मागं घेतली होती. कधी वळून पाहायची गरज पडली नव्हती.

आरडाओरडा ऐकून चारी बाजूंच्या गॅलऱ्यांत माणसं गोळा झाली. काय चाललंय हे कुणाला ठाऊक नव्हतं, पण गाडी मागं घेतली जातेय एवढं सगळ्यांना कळलं. निवृत्त झाले तरी ड्रायव्हरच ते. "अरं, जरा कट मार!" "पुढं घेऊन परत लाव!" असे सल्ले सुरू झाले.

"गप बसा सगळी!" शालनबाई कडाडल्या. "डायवर, खालची कड एक बोटभर पुढं. येऊ द्या... येऊ द्या..."

आणि त्यांनी हातातल्या उलथन्यानं गजावर दोन टोले दिले. टण, टण.

गाडी मागं घेताना दोन टोले कधी देत नाहीत. दोन टोले म्हणजे सगळं ठीक, निघा. हणमंतरावांनी मान वर केली. समोर दिवा हिरवा होता.

*

चेकर हणमंतरावांच्या स्वयंपाकघरात येऊन परातीसमोर बराच वेळ उभे राहिले. "हे काय आहे?"

"परावर्तक," वैजू म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर अजून रंग आला नव्हता.

"याची देखभाल कोण करतं?"

"मी," हणमंतराव म्हणाले. "रोज."

"आणि तुम्ही नसलात तर?"

मागून मंगल पुढं झाली. काय ते तिला आत्ताच उमगलं होतं. "मी बघीन. माझ्या आईची हाय ती."

चेकर हसले. पाव तास संपायच्या आत दिवा परत लागला होता, आणि परावर्तक तांब्याचाच असावा असं नियमात कुठं म्हटलं नव्हतं. नवा पत्रा दिवाळीनंतर लावायचा, असं बजावून त्यांनी होकार दिला. स्वप्नीलनं हणमंतरावांना वाकून नमस्कार केला. त्याला आईला न्यायचंच होतं, आणि आई राहणार म्हणून त्याला हलकंही वाटत होतं. दोन्ही एकदम खरं होतं.

सगळे गेल्यावर शालनबाई आल्या, ठेच्याची वाटी घेऊन.

"तुम्हाला कवापासनं ठाव होतं?" हणमंतरावांनी विचारलं.

"पहिल्या दिवसापासनं. खिडकीतली परात गेली की दिवा लाल, आली की हिरवा. एवढं कळायला इंजिनियर कशाला लागतोय?"

"मग बोलला का न्हाई?"

शालनबाई वाटीवरची ताटली सारखी करत बसल्या. "बोलले असते तर तुम्ही इचारलं असतं, माझ्या खिडकीकडं तुम्ही बघता कशाला म्हणून." मग त्या म्हणाल्या, "ती तुमची वैजू म्हणती, घासून काय फरक पडत न्हाई. तिला काय कळतंय? सकाळी चमकली की मला कळतं, डायवर उठला. मग मी माझा चहा टाकते."

हणमंतरावांनी ठेचा चाखला. तिखट होता, त्यांच्या डब्यातला असायचा तेवढा. डोळ्यांत पाणी आलं ते त्यांनी ठेच्यावर ढकललं.

*

तेव्हापासून एक रिवाज पडला. सकाळी हणमंतराव परात क्षणभर पुढं झुकवायचे, पुन्हा टेकवायचे. पुन्हा झुकवायचे, पुन्हा टेकवायचे. पलीकडं दिवा दोनदा लुकलुकायचा. डबल बेल. मग गजावर उलथन्याचे दोन टोले यायचे आणि दोन्ही घरांतला दिवस चालू व्हायचा.

दिवाळी झाली आणि नवा पत्रा आला. वैजूनं तो मांडणीच्या शेजारी भिंतीत पक्का बसवला. "सुटलात, काका," ती म्हणाली. "आता परात हवी तिथं ठेवा. दिवा हलायचा नाही."

ती गेल्यावर हणमंतरावांनी परात खाली काढली. समोर दिवा हिरवाच राहिला. चांगलंच झालं, असं ते स्वतःला म्हणाले. मंगलची लेक लग्नाची होती, तिला द्यावी असं गोदा म्हणायची. त्यांनी परात धोतराच्या फडक्यात गुंडाळली आणि कॉटखाली सरकवली. दुसऱ्या दिवशी सकाळी उठून ते स्वयंपाकघरात आले, हात फळीकडं गेला, आणि काही काम नसल्यासारखा परत आला.

"डायवर!"

ते खिडकीत गेले. समोर शालनबाई, कमरेवर हात.

"परात कुठाय?"

"आता लागत न्हाई, मास्तर. पत्रा बसवला. दिवा पक्का झाला तुमचा."

"दिवा हाय की. दिव्याचं कोण इचारतंय?" शालनबाई म्हणाल्या. "मी मघापासनं आधण न ठेवता उभी हाय. तुमची बेल आल्याबिगर गाडी कशी हलवू?"

हणमंतरावांनी कॉटखालून परात ओढली, फडकं सोडलं, आणि घाईनं का होईना पण चिंच लावून घासली. ती फळीवर ठेवली, ठोकळ्याला टेकवली. आणि तिकडं दवाखान्यात पडद्यासमोर बसलेल्या वैजूच्या लक्षात आलं की नवा कोरा पत्रा शेजारी असताना जाळ्यानं ड विंगची वाट मुकाट्यानं बदलली आहे. लहर पुन्हा परातीवरून वळत होती. तिला ते दुरुस्त करता आलं असतं. तिनं ते तसंच राहू दिलं.

दिवा दोनदा लुकलुकला. पलीकडून उत्तर आलं, टण, टण. हणमंतरावांनी गॅस पेटवला आणि चहाचं आधण ठेवलं.